आधी दारात बसा

“आबा, पेटी उघडून दाखवता का?”

मांघरला पोचल्या पोचल्या मी विचारलेला हा पहिला प्रश्न. मधपाळ आबा जांभळीच्या बुंध्याला टेकून सुपारी कातरत बसले होते. अडकित्ता थांबवून त्यांनी माझ्याकडं पाहिलं. “ताई, तुमच्या घरी कुणी पयल्यांदा आलं आन् थेट सैपाकघरात जाऊन डबे उघडाय लागलं तर चालंल का? आधी दारात बसा की जरा.”

बसले. तेही आधी चुकीच्या जागी. पेटीच्या समोर चवड्यांवर बसले तर आबांनी हातानंच बाजूला सरकायची खूण केली. समोरून माश्यांची ये-जा असते. आपण मध्ये आलो की चार-सहा माश्या हवेतच अडखळतात, घिरट्या घालतात आणि मग चिडतात. पेटीला हातभर अंतर सोडून कुशीला बसायचं, हा पहिला धडा.

पेटी लाकडाच्या घोडीवर ठेवलेली. घोडीचे चारही पाय पाणी भरलेल्या वाट्यांत, मुंग्या चढू नयेत म्हणून. खाली एक बोटभर उंचीची फट आणि तिच्यापुढं छोटीशी फळी. हेच दार. पहिली पाच मिनिटं मला नुसती गडबड दिसली. एसटी स्टँडवर गावाचं नाव न वाचता गाड्या बघत बसल्यासारखं झालं. मग हळूहळू एकेक माशी वेगळी दिसायला लागली.

फळीवर पाच-सहा माश्या जागच्या जागी घट्ट पाय रोवून उभ्या होत्या. पंख इतके जोरात चालू होते की ते दिसतच नव्हते, अंगाभोवती नुसता धुरकट भास. त्या वारा घालत होत्या. सगळ्यांची डोकी बाहेरच्या बाजूला, शेपटाकडची बाजू दाराकडं. पेट्यांतून पाळतात त्या युरोपातल्या माशीचं, जिला आपल्याकडं सगळे इटालियन म्हणतात तिचं, नेमकं उलट असतं. ती दाराकडं तोंड करून उभी राहते आणि आतली हवा बाहेर ओढते. आपली देशी सातेरी माशी बाहेरची हवा आत ढकलते. दोघींचं काम एकच. फुलातून आणलेल्या मकरंदात बऱ्याचदा निम्म्याहून जास्त पाणी असतं. ते आटत आटत वीस टक्क्यांच्या आसपास आलं की त्याला मध म्हणायचं आणि वर मेणाचं झाकण लावायचं. दुसरं कारण उकाडा. आतली पिल्लं साधारण 33 ते 36 अंशांत वाढतात. एप्रिलच्या दुपारी ते तापमान राखायचं तर कुणाला तरी दारात उभं राहून पंखा हलवावाच लागतो.

परत येणाऱ्या माश्यांच्या मागच्या पायांवर परागाचे गोळे होते, ज्वारीच्या दाण्याहून लहान. कुणाचे हळदीसारखे पिवळे, कुणाचे मळकट पांढरे, एकीचे विटकरी. ही विटकरी माशी फळीवर उतरताना जरा चुकली, खाली मातीत पडली, तिथून चालत घोडीच्या पायापर्यंत गेली आणि पाण्याची वाटी बघून पुन्हा उडाली. दारावरच्या दोघी-तिघी राखणदार येणाऱ्या प्रत्येकीला मिशांनी चाचपत होत्या. ओळख वासावरून पटते. एका माशीला त्यांनी अडवलं, धरून ढकललं आणि ती निमूट निघून गेली. मग आतून एक माशी एका मेलेल्या बहिणीला ओढत बाहेर घेऊन आली. ओझं तिच्याच अंगाएवढं. फळीच्या काठावरून ती ते घेऊन उडाली, झोकांड्या खात दहा-बारा फूट गेली आणि झुडपात टाकून आली.

“मयत,” आबा म्हणाले. “रोज दोन-चार निघतात. बाया मरत्यात, घर चालू राहतं.” हंगामात राबणारी कामकरी माशी जेमतेम दीड महिना जगते. राणी दोन-तीन वर्षं काढते.

*

मांघर महाबळेश्वरच्या डोंगररांगेतलं गाव. मे 2022 मध्ये राज्याच्या खादी व ग्रामोद्योग मंडळानं ते ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर केलं. देशातलं असं हे पहिलं गाव. नंतर कोल्हापूरकडच्या भुदरगड तालुक्यातलं पाटगावही या यादीत आलं. पण मांघरच्या घरांतल्या पेट्या काही 2022 साली आलेल्या नाहीत. मंडळाचं मध संचालनालय महाबळेश्वरातच आहे आणि या डोंगरात मधपाळांच्या पिढ्या झाल्या आहेत. मधमाश्यांवर संशोधन आणि प्रशिक्षण करणारी केंद्रीय संस्था 1962 पासून पुण्यात आहे. तिच्यावरून मी वर्षानुवर्षं गेले आहे आणि एकदाही आत शिरलेले नाही, हे लिहून टाकलेलं बरं.

महाबळेश्वरला येणाऱ्यांपैकी बहुतेकजण मधाची बाटली विकत घेतात. मीही घेत आले. काचेतून आरपार बघायचं, दुकानदार ‘ओरिजनल’ म्हणाला की मान डोलवायची आणि मग स्ट्रॉबेरीकडं वळायचं. ज्या माशीनं तो केला ती जिवंत, कामात असलेली कशी दिसते, हे बघायला आपण दहा मिनिटं काढत नाही. जायचं तर फेब्रुवारी ते मे या दिवसांत जावं. मी गेले ते एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, जांभूळ फुललेली असताना. फुललेल्या जांभळीखाली उभं राहिलं की झाड आधी ऐकू येतं. वर बघितलं तर फुलं दिसत नाहीत, पांढरट केसरांचे झुबके दिसतात आणि तेच केसर बारीक पावसासारखे डोक्यावर गळत असतात. जांभळाचा मध गडद रंगाचा आणि किंचित कडवट. पहिल्या चमच्याला तो बिघडलाय असं वाटतं, तिसऱ्यापासून दुसरा मध मिळमिळीत लागायला लागतो. जांभळाच्या मागोमाग हिरडा. आणि मग कारवी.

कारवी दर वर्षी फुलत नाही. सात-आठ वर्षं नुसती हिरवी वाढते, मग एका साली अख्खा डोंगर जांभळा-निळा करून टाकते, बी धरते आणि वाळून जाते. मुंबईच्या बोरिवलीच्या जंगलात ती 2008, 2016 आणि 2024 साली फुलली. इतर डोंगरांचे पाढे थोडे पुढं-मागं असतात. इकडं माणसं वयं कारवीवर मोजतात. आबांचा थोरला ‘कारवीच्या साली’ झाला, धाकटा ‘कारवी वाळली त्याच्या पुढल्या साली’. जन्मतारीख विचारायची सोय नाही, पण हिशेब पक्का. त्याच कारवीच्या काठ्यांचा कूड आबांच्या गोठ्याला आहे, शेणानं लिंपलेला. माशीला फुलं, माणसाला भिंत.

पावसाळा मात्र माशीचा वैरी. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच-साडेपाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. दिवसच्या दिवस माशी बाहेर पडू शकत नाही. तेव्हा मधपाळ पेटीत साखरेचा पाक ठेवतात. “चार महिने आपण त्यांना पोसायचं, मग त्या आपल्याला,” आबा म्हणाले. न पोसल्या तर? “सातेरी थांबत न्हाई. एक दिवस बघावं तर पेटी मोकळी. घर सोडून जाती.” सातेरीचा हा स्वभावच आहे. मुंग्यांचा त्रास झाला, मेणकिडा लागला, उपासमार झाली, सारखी पेटी उघडून कुणी डोकावत राहिलं, की ती सगळा बाडबिस्तरा सोडून निघते. मघाशी मला दारात का बसवलं, ते आता समजलं.

*

या माशीला सातेरी का म्हणतात? मधपाळांचं उत्तर असं की ती एकापुढं एक सात पोळी लावते. प्रत्यक्षात कधी पाच असतात, कधी नऊ. मला मात्र हे नाव ऐकलं की गोव्यातली सातेरी आठवते. तिथं देवी वारुळाच्या रूपात पुजली जाते आणि ही माशीही झाडाच्या ढोलीत नाहीतर रिकाम्या वारुळात घर करते. अंधार आणि एक लहान दार एवढंच तिला हवं असतं. म्हणून तर ती पेटीत राहते. आग्या आणि फुलोरी या दुसऱ्या दोन जाती उघड्यावर एकच पोळं लावतात. त्यांना कितीही चांगली पेटी दिली तरी त्या आत जायच्या नाहीत. चौथी पोयाची माशी, डासाएवढी, बिननांगीची, भिंतीच्या भेगेत मेणाची नळी काढून राहणारी. आबांच्या गोठ्याच्या दगडी जोत्यात तिचं एक घर होतं. मध मूठभर, पण गावात औषधाला तोच लागतो.

दीड-दोन तास झाल्यावर आबा स्वतःच उठले. “चला, आता वळख झाली.” त्यांनी गोणपाटाच्या चिंधीचा धूर केला, दोन फुंकरा दारात सोडल्या आणि झाकण उचललं. एक चौकट सावकाश वर काढून माझ्यासमोर धरली. पोळ्यावर माश्या तांदूळ पसरावेत तशा पसरलेल्या. मध्ये पिलावा, वरच्या कडेला मधाचा पट्टा, दोन्हींच्या मध्ये परागाचे रंगीत ठिपके. खालच्या कोपऱ्यात काही घरं फुगीर झाकणांची होती आणि प्रत्येक झाकणाच्या मधोमध सुईनं टोचल्यासारखं बारीक भोक. ही नरांची घरं. सातेरीच्या नराच्या झाकणाला असं भोक असतं, कामकरी माशीच्या झाकणाला नसतं. आबांना त्यावरून हिशेब कळतो. नर वाढायला लागले की वसाहत फुटून नवा थवा निघायची वेळ जवळ आली.

राणी मला दिसेना. आबांनी बोट दाखवलं तरी दिसेना. मग लक्षात आलं की राणी शोधायची नसते, तिच्याभोवतीचं रिंगण शोधायचं असतं. आठ-दहा माश्या फुलाच्या पाकळ्यांसारख्या आत तोंड करून उभ्या होत्या आणि मध्ये ती, लांब, काळसर, पोट ओढत चालणारी. ती पुढं सरकली की रिंगण मोडायचं आणि नव्या माश्यांचं पुन्हा जुळायचं.

नेमकी तेव्हाच मला कानामागं एक डसली. मी ‘आई गं’ म्हणून मान झटकली, ती दुसरी चूक. आबा आधी जवळ आले, माझ्या डोक्याचा वास घेतला आणि मग नखानं काटा खरवडून काढला. चिमटीत धरला असता तरी चाललं असतं, काटा लवकर निघणं महत्त्वाचं. “काय लावलंय केसांना?” शिकेकाई नव्हतीच. फुलांच्या वासाचा कसला तरी शांपू होता. डसलेली माशी आपला काटा मागं ठेवून मरते आणि त्या काट्यातून सुटलेला वास बाकीच्यांना त्या जागेचा पत्ता देतो. तो वास पिकलेल्या केळ्यासारखा असतो, म्हणून मधपाळ पेटीकडं जाताना केळं खात नाहीत. दुसरी येण्याआधी आबांनी त्या जागी धूर सोडला. सातेरीचा डंख म्हणजे तासाभराची जळजळ. आग्याचा विषय वेगळा.

निघण्याआधी दारात आणखी एक गोष्ट घडली. काळ्या अंगाची, पोटावर पिवळा पट्टा असलेली एक गांधीलमाशी पेटीपुढं येऊन हवेत थांबली, हेलिकॉप्टरसारखी. फळीवरच्या माश्या त्याच क्षणी दाटीवाटीनं जवळ आल्या आणि सगळ्यांनी मिळून अंग झटकलं. पुन्हा. पुन्हा. ‘तुला पाहिलंय’ असं जणू सांगणं. गांधीलमाशी जरा रेंगाळली आणि निघून गेली. ती दारावर उतरली असती तर शेकडो माश्या तिच्यावर तुटून पडल्या असत्या आणि तिच्याभोवती चेंडू झाला असता. डंख मारून उपयोग नसतो, तिची पाठ टणक. मग त्या पंखांचे स्नायू थरथरवून त्या चेंडूच्या पोटातली हवा 46 अंशांच्या आसपास तापवतात. गांधीलमाशी त्या तापमानाला मरते आणि सातेरी थोडक्यात वाचते. जपानी शास्त्रज्ञांनी हे त्यांच्याकडच्या सातेरीत मोजून दाखवलं. आबांनी न मोजता दोनदा पाहिलं आहे. “भाजून मारतात,” एवढंच त्यांनी सांगितलं.

*

दुसऱ्या दिवशी आग्या बघायला केळघर घाटानं मेढ्याकडं उतरले. आबांनी खूण सांगितली होती, ‘ओढ्याच्या पल्याड एकटीच उंच सावर.’ सावर सापडली, तिच्यावर अकरा पोळी होती. आग्या असंच करते. डोंगराच्या कड्यावर, धरणाच्या भिंतीखाली, पाण्याच्या टाकीला किंवा एखाद्या उंच झाडाला शेजारी शेजारी वस्ती. एकेक पोळं परातीएवढं, काही हातभर रुंद, वाळत घातलेल्या काळ्या घोंगड्यासारखी लोंबत होती. ते घोंगडं म्हणजे माश्याच. पोळं त्यांच्या पडद्याआड असतं.

किल्ल्यांवर दर वर्षी कुणीतरी धूर करतं, फटाका वाजवतं किंवा दगड भिरकावतं, आणि मग वर्तमानपत्रात ‘मधमाश्यांचा हल्ला’ छापून येतो. त्या बातमीत हल्ला कुणी केला, याबद्दल मला नेहमीच शंका असते. मी शंभर पावलांवर ओढ्याच्या काठी बसले आणि दुर्बीण लावली.

थोड्या वेळानं एक वेडा राघू सावरीच्या शेंड्यावरून झेपावला. पोळ्याजवळून तो जाताच पडद्यावर एक लाट उठली. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, पापणी लवायच्या आत. माश्या आपलं पोट क्षणभर वर उचलतात आणि शेजारणीला पाहून शेजारीण, असं ते पसरत जातं. वाऱ्यानं गव्हाचं शेत लवावं तसं दिसतं, फक्त इथं वारा नसतो. गांधीलमाशी जवळ आली तर लाटांवर लाटा सुटतात आणि ती बिचकून मागं हटते. मी तासाभरात नऊ लाटा मोजल्या. त्यातल्या दोन कशासाठी होत्या ते मला दिसलं नाही, त्यांना दिसलं असणार.

आग्याचा मध पोळ्यात फांदीलगतच्या वरच्या एका कोपऱ्यात असतो, बाकी सगळी पिल्लं. परंपरेनं मशाल लावून, माश्या जाळून अख्खं पोळं पिळतात. मधाबरोबर पिल्लांचा रसही बाटलीत जातो. वर्ध्याकडं फक्त तो मधाचा कोपरा कापून पोळं शाबूत ठेवायचं तंत्र ‘अहिंसक मध’ म्हणून शिकवलं गेलं. कोपरा माश्या पुन्हा बांधून काढतात.

संध्याकाळी गाडीकडं परतले तर टपावर आणि काचेवर पिवळ्या मोहरीएवढ्या ठिपक्यांचा सडा. ड्रायव्हर म्हणाला, फुलांचा चीक असेल. ती आग्याची विष्ठा होती. दिवस कलताना एखाद्या पोळ्यावरच्या असंख्य माश्या एकदम उडतात, पोट मोकळं करून परततात. या ठिपक्यांवरून एकदा जगात तणाव निर्माण झाला होता. 1981 साली अमेरिकेनं सोव्हिएत रशियावर आरोप केला की लाओस आणि कंबोडियात त्यांनी पुरवलेल्या विषाचा ‘पिवळा पाऊस’ पाडला गेला. मॅथ्यू मेसेलसन आणि थॉमस सीली हे शास्त्रज्ञ 1984 साली थायलंडच्या जंगलात गेले आणि तो पाऊस आपल्याच अंगावर झेलून आले. ठिपक्यांत परागकण भरलेले. पाऊस माश्यांचा होता. मी ड्रायव्हरला ही गोष्ट रंगवून सांगितली. त्यानं ऐकून घेतली आणि कपडा ओला करून काच पुसली.

*

परतीच्या वाटेवर साताऱ्यात मावशीकडं मुक्काम. फुलोरी बघायची राहिलीच, असं मी जेवताना म्हणाले, तर मावशी म्हणाली, “मग लिंबोणीत काय आहे?”

परसातल्या लिंबोणीत, माझ्या छातीच्या उंचीवर, तळहाताएवढं पोळं होतं. फांदी पोळ्यातूनच आरपार गेलेली आणि पोळ्याच्या दोन्ही बाजूंना तिच्यावर चिकाचे चिकट पट्टे. मुंगी त्यावर आली की अडकते. सातेरीसाठी आबा पाण्याच्या वाट्या ठेवतात, फुलोरी आपली सोय आपण करते. माश्या बारीक, पोटाचा पुढचा भाग तांबूस, मागच्या भागावर पांढरे पट्टे. पोळ्याचा माथा फांदीवर सपाट पसरलेला, एखाद्या ओट्यासारखा. आणि त्या ओट्यावर नाच चालू होता.

मधमाश्यांच्या नाचाचा अर्थ कार्ल फॉन फ्रिश यांनी लावला आणि त्यासह इतर कामाबद्दल 1973 साली लॉरेन्झ आणि टिनबर्गन यांच्याबरोबर त्यांना नोबेल मिळालं. अंधाऱ्या ढोलीत उभ्या पोळ्यावर नाचणारी माशी ‘वर’ म्हणजे सूर्याची दिशा धरते आणि फूल सूर्याच्या जितकं डावी-उजवीकडं तितकी तिरकी डुलत जाते. त्यांचे शिष्य मार्टिन लिंडावर 1950 च्या दशकात आशियातल्या या माश्या बघायला श्रीलंकेला आले. त्यांना आढळलं की फुलोरी असलं भाषांतर करतच नाही. तिचा ओटा आडवा आणि उघडा, डोक्यावर आभाळ, म्हणून ती सरळ फुलाच्या दिशेनंच डुलत जाते. बोट दाखवल्यासारखी. जास्त वेळ डुलली तर फूल लांब. अंतर सांगायची बोलीही प्रत्येकीची निराळी. लांब लांब जाणारी आग्या जे अंतर थोडक्यात उरकते, तेच सांगायला जवळपासच फिरणारी सातेरी बराच वेळ डुलते.

मी एका माशीवर नजर ठेवली. ती डुलत पुढं गेली, वळून परत आली, पुन्हा त्याच रेषेत डुलत गेली. मागं तीन-चार जणी मिशा लावून. दहा फेऱ्या मोजल्या, रेष तीच. मी वहीवर बाण काढला, मोबाइलमधलं होकायंत्र लावलं आणि परसाची भिंत, शेजारचा वाडा, गल्ली असं करत त्या रेषेत चालत निघाले. दुसऱ्या गल्लीच्या टोकाला एका पडक्या जोत्यात शेवगा सापडला, फुलांनी वाकलेला. खालची जमीन फुलांनी पांढरी आणि झाडावर फुलोरीच फुलोरी.

धापा टाकत परत आले आणि मावशीला सांगितलं. ती भाजी निवडत होती. “शेवग्यावर ना?” ती मान वर न करता म्हणाली. “मग विचारायचं होतंस मला. आठ दिवस झाले, सकाळपासून तिकडंच गुणगुणतायत.”